अर्धवट राहिलेले एम. ए.

डॉ. झाकिर हुसैन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले, हे तुम्ही वाचले असेल. या पाठात ते तुम्हांला विद्यार्थी म्हणून भेटतील.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. दहा वर्षांचे असताना वडील वारले. १९११ साली प्लेगने आईही गेली. तेव्हा ते इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकत होते. पुढे ते अलीगढच्या कॉलेजात आले. अभ्यासात हुशार, वक्तृत्वात त्याहून हुशार! बी. ए. झाल्यावर ते एम. ए. आणि कायद्याचा अभ्यास करू लागले. आता एखादी चांगली सरकारी नोकरी सहज मिळाली असती.

पण १९२० साल उजाडले. देशात खिलाफत आणि असहकाराची चळवळ सुरू झाली. ऑक्टोबर महिन्यात गांधीजी व अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, असे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले.

आता तुम्हीच विचार करा. परीक्षा द्यावी, की बाहेर पडावे? आणि बाहेर पडून शिकायचे कोठे? झाकिर हुसैन यांना नेमका हाच प्रश्न पडला. ते दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारी यांना भेटले. राष्ट्रीय कॉलेज काढाल, तर अनेक मुले अलीगढचे कॉलेज सोडतील, असे त्यांनी सांगितले. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण येथे दिसते. कॉलेज सोडायचे होते, शिक्षण सोडायचे नव्हते.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. त्यांचे एम. ए. मात्र अर्धवट राहिले.

तरी शिकण्याची ओढ कमी झाली नाही. १९२२ साली ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात तेथील एका छापखान्यातून त्यांनी गालिबच्या दीवानाची सुबक आवृत्ती काढली. तुम्हां उर्दू वाचकांना याचे विशेष कौतुक वाटेल!

इकडे १९२४ साली खिलाफतच संपली. जामियाला मिळणारा पैसा आटला. संस्था बंद करावी, असे काही जण म्हणू लागले. ही बातमी बर्लिनला पोहोचली. आबिद हुसैन आणि मुहम्मद मुजीब या मित्रांसह ते १९२६ साली परतले आणि दिल्लीला आलेल्या जामियाचे प्रमुख झाले. वय अवघे २९! पुढे तेथील शिक्षकांनी वीस वर्षे, दरमहा दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेता काम करण्याची शपथ घेतली. तेवढा पगारही हाती पडेलच असे नसे.

बावीस वर्षांनी, १९४८ साली, ते पुन्हा अलीगढला गेले. ज्या संस्थेतून ते एम. ए. न करताच बाहेर पडले होते, तिचे आता विद्यापीठ झाले होते. त्या विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर दिल्लीत, जामियाच्या आवारात आहे.