सत्तावन्न किलोंचे माप

कवठे महांकाळ : कराडपासून कवठे महांकाळपर्यंतच्या टापूत जत्रेचे कुस्ती मैदान उठले, की एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. खाशाबा जाधव थोर, की हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, की मारुती माने? आणि आजच्या मल्लांना या तिघांची सर यायची का? आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे आणि माने मिरज तालुक्यातील कवठे पिरानचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून दोघेही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक घेऊन परतले. खाशाबा मात्र या दोघांपुढे अंगाने अगदीच लहान. त्यामुळे वजनाचा, मातीचा आणि काळाचा मेळ बसत नाही, वाद रंगतो आणि निकाल लागत नाही.

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना नेहमीच अशी अडखळते. खाशाबांच्या बाबतीत मात्र योगायोगाने एक समान माप उपलब्ध आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले, त्या बँटमवेट गटाची मर्यादा ५७ किलो होती. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली रवी दहियाने रौप्य आणि पॅरिसमध्ये २०२४ साली अमन सेहरावतने कांस्य मिळविले, तेही ५७ किलो गटातच. वजन एकच, कुस्तीचा प्रकारही फ्रीस्टाईलच. फरक आहे तो या मल्लांच्या पाठीशी काय उभे होते याचा. खाशाबांचे आयुष्य या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या पदकाचे खरे वजन लक्षात येते.

गोळेश्वरची तालीम

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच आखाड्याचे वळण असल्याने लहान वयातच त्यांच्या अंगाला लाल माती लागली. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ चलेजाव चळवळीचा होता. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा जोर होता आणि भूमिगतांना आसरा देण्याच्या कामात शाळकरी खाशाबांचाही हात होता.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कुस्तीचे माहेरघर असलेल्या या नगरीत त्यांचा खेळ फुलला. उंची बेताची, अंगकाठी सडपातळ. पैलवान म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो देह उभा राहतो, तो त्यांच्याजवळ नव्हता. पण पायांत विलक्षण चपळाई होती आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याला सावरायला उसंत मिळण्यापूर्वीच ते त्याला अस्मान दाखवीत.

लंडनचा धडा

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली, तेव्हा प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे त्यांच्यापुढे नवेच संकट होते. आयुष्यभर मातीत खेळलेल्या या मल्लाला आता गादीवर आणि अपरिचित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढायचे होते. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीतली कुस्ती चितपट होऊन निकाली निघते, गादीवर पंचांच्या निर्णयानेही जय-पराजय ठरतो. रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना थोडक्या अवधीत या नव्या तंत्राची ओळख करून दिली. एवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना हरविले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक पटकावला. पदक हुकले, पण आपण कोठे कमी पडतो हे त्यांना उमगले. पुढची चार वर्षे त्यांनी त्याच उणिवा भरून काढण्यात घालविली.

गहाण पडलेले घर

हेलसिंकीची वाट मात्र सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी आपल्याला एका गुणाने डावलले, अशी खाशाबांची भावना होती. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना झटपट चीत करून आपला हक्क सिद्ध केला, असे सांगितले जाते.

निवड झाली, पण पैशांचे काय? संस्थाने विलीन झाली होती आणि राजाश्रय सरला होता. गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाचे घर आणि शेतकऱ्यांच्या वर्गणीचे पैसे, एवढ्या आधारावर हा मल्ल फिनलंडला निघाला.

तेथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी नमविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली कुस्ती अटीतटीची ठरली आणि ती खाशाबांच्या हातून निसटली. या लांबलेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी झुंजावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्या स्पर्धेविषयी सांगितले जाते. थकलेले खाशाबा हरले. इशीने सुवर्ण जिंकले, मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले आणि ते चौथे राहिले.

कराड स्थानकावर उतरलेल्या खाशाबांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरला गेली. सत्काराचे हार उतरताच त्यांनी पहिले काम केले ते देणे फेडण्याचे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले आणि आलेल्या रकमेतून गुरूचे घर सोडविले.

तेव्हा आणि आता

आता पुन्हा त्या ५७ किलोंकडे वळू. पॅरिसमध्ये उपांत्य फेरी संपल्यावर अमन सेहरावतचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी वाढल्याचे आढळले. प्रशिक्षकांनी रात्रभर जागून, दहा तासांच्या आत ते खाली आणले आणि दुसऱ्या दिवशी या एकवीस वर्षांच्या मल्लाने पोर्टो रिकोच्या दारियान क्रूझला १३-५ असे हरवून कांस्य मिळविले. त्याला उपांत्य फेरीत हरविणारा रेई हिगुची जपानचाच आणि पुढे सुवर्णविजेताही तोच. बहात्तर वर्षांच्या अंतराने इतिहासाने तीच जोडी पुन्हा लावावी, असा हा योग. मात्र हिगुचीशी झालेली अमनची कुस्ती एकतर्फी झाली होती, इशी-खाशाबा लढत तशी नव्हती.

नियमांतही अंतर आहे. आज कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, तेव्हा ती पंधरा मिनिटांपर्यंत चाले. २००८ पासून प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात, खाशाबांच्या वेळी एकच होते. याउलट, आजच्या मल्लापुढची स्पर्धा अधिक व्यापक आणि अधिक शास्त्रशुद्ध आहे, हेही मान्य करायला हवे. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक डावाचे चित्रीकरण आज आधीच अभ्यासले जाते. तेव्हा गादीवर आजचा अमन आणि कालचे खाशाबा समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणाच्या मागे किती माणसे उभी होती, या प्रश्नाला मात्र आहे. अमनसाठी प्रशिक्षक रात्रभर जागले. खाशाबांसाठी अर्धा तास मागायलाही कोणी नव्हते.

पदकानंतरची उपेक्षा

गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. त्यापूर्वी १९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले होते. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतीसह धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ना अर्जुन पुरस्कार मिळाला होता, ना पद्म सन्मान. १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसचे कांस्य जिंकले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या पदकाची देशाला आठवण झाली. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० साली आला. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव मिळाले आणि आता महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास २०२४ साल उजाडले आणि ते नेमबाज स्वप्नील कुसाळेने मिळवून दिले. कुस्तीत मात्र खाशाबांनंतर राज्याची पाटी अद्याप कोरी आहे. या काळात हरियाणाच्या मल्लांनी पदकांची रांग लावली. त्यांच्यापेक्षा आमचा मल्ल ताकदीत उणा आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मातीतून गादीकडे वळण्यास आपण किती उशीर केला, हे मात्र तपासावे लागेल. १९४८ मध्ये लंडनला गेलेल्या मल्लाला जो धडा एका स्पर्धेत उमगला, तो आपल्या कुस्तीव्यवस्थेने किती दशके टाळला? कोण थोर हा वाद जत्रेत जरूर रंगावा. पण खाशाबांचे मोठेपण मान्य करायचे, तर पुढच्या मल्लासाठी कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावे लागू नये, याची तजवीज आधी व्हायला हवी.