सावित्रीमाईंची अखेरची वाट

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी जन्मलेल्या सावित्रीमाईंना आम्ही १८४८ च्या भिडेवाड्यातील शाळेमुळे ओळखतो. त्यांचा अखेरचा धडा मात्र शाळेबाहेरचा आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुण्यात पोहोचला. भयाने सख्खे नातलगही रोग्याला टाकून जाऊ लागले. माईंनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्याकरवी हडपसरनजीक ससाणे मळ्यात दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगने आजारी असल्याचे कळताच ६६ वर्षांच्या माई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्याला निरोगी असतानाही समाज शिवत नव्हता, त्याला रोगात कोण शिवणार होते? मूल वाचले. माईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

जळकोटच्या आमच्या वसतिगृहात तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढताना मुंढव्याची ती वाट आम्हाला आठवते. घर सोडून आलेल्या मुलाला अक्षराइतकाच मायेचा हात लागतो, हे आम्ही माईंकडून शिकलो.