गामा : जोड न मिळालेला पैलवान

अंगात चार जोर मारण्याचे बळ नसताना दंड फुगवून फिरणाऱ्या पोराला आपल्याकडे अजूनही गामा म्हणून चिडवतात. खेड्यातली म्हातारी माणसेही नातवाला दूध पाजताना गामाचे नाव काढतात. परंतु गामा नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला, त्याचे आयुष्य कसे गेले आणि शेवट कसा झाला, हे सांगणारे थोडेच भेटतात. नाव म्हणीत गेले आणि माणूस मागे राहिला.

गामा आयुष्यात एकही कुस्ती हरला नाही, एवढे मात्र सर्वांना ठाऊक असते. ते कौतुकाचे आहेच. पण त्याचे चरित्र वाचताना मला राहून राहून दुसरीच गोष्ट जाणवते. गामाला पाडणारा मिळाला नाही, तसाच पुष्कळदा त्याच्याशी लढणाराही मिळाला नाही. कुस्तीच्या भाषेत बोलायचे तर त्याला जोड मिळाली नाही. तालमीत घाम गाळणे पैलवानाच्या हाती असते. समोर जोड उभी करणे त्याच्या हाती नसते. ते राजा करतो, सावकार करतो, नाहीतर तिकिटे विकणारा ठेकेदार करतो. गामाची सारी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

त्याचे पूर्ण नाव गुलाम मोहम्मद. जन्म १८७८ च्या सुमारास, पंजाबात अमृतसरकडचा. घराणे मूळचे काश्मिरी आणि पिढीजात पैलवानांचे. वडील अझीझबक्ष हे बुंदेलखंडातील दतिया संस्थानच्या पदरी मल्ल होते. गामा सहा वर्षांचा असेल नसेल, तोच वडील वारले. मग आजोबांनी त्याला सांभाळले; तेही गेल्यावर मामा इदा पैलवान याने त्याला हाताशी धरले. इतर मुले पाटी घेऊन बसतात त्या वयात हा मुलगा तांबड्या मातीत लोळत होता.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची मोठी स्पर्धा भरवली. चारशेहून अधिक पैलवान जमले होते असे सांगतात. त्यात दहा वर्षांचा गामाही उभा राहिला. एकेक पैलवान दमून बाजूला होत गेला. अखेर पंधराएक जण उरले, त्यांत हे पोर अजून खालीवर होतच होते. महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या पदरी घेतले. बाप जेथे चाकरीला होता तेथेच मुलाचा खुराक सुरू झाला.

खुराक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दूध, तूप, बदाम, मांसाचा रस्सा हे सारे रोज आणि भरपूर लागते. गरीब घरच्या मुलाने पैलवान व्हावे म्हटले तर अंगातल्या हिमतीआधी चुलीवरच्या भांड्याचा विचार करावा लागतो. गामा हजारो जोर आणि बैठका मारी, तासन् तास चाळीसेक पैलवानांशी लढत करी, असे वर्णन सर्वत्र आढळते. पण त्यामागे संस्थानचा कोठार उघडा होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच्या ताकदीची एक खूण बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. तेथे एक प्रचंड दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी तो गामाने उचलला, असा त्यावर लेख आहे. दगडाचे वजन १२०० किलो सांगतात. एवढा धोंडा माणसाने छातीशी धरून चालावे हे बुद्धीला पटत नाही. जागचा हलवला असेल तरी ती थोडी गोष्ट नव्हे. महत्त्वाचे हे की चोवीस-पंचवीस वर्षांच्या एका पैलवानाची ताकद दगडावर कोरून ठेवावी असे सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातील लोकांना वाटले.

या आधीच, १८९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी गामाने रहीमबक्ष सुलतानीवाला याला आव्हान दिले होते. रहीमबक्ष गुजरानवालाचा, पावणेसात फुटांच्या वर उंच, सगळ्या हिंदुस्थानात गाजलेला. गामाची उंची पाच फूट सात-आठ इंच. लोक गंमत पाहायला आले असणार. पण घटकेमागून घटका गेली आणि पोर पडले नाही. गामाच्या नाका-कानांतून रक्त आले, तरी तो मागे सरला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामाच्या नावाला वजन आले. पुढील पंधरा वर्षांत देशातल्या एकेका नामवंत मल्लाला त्याने अस्मान दाखवले आणि १९१० साल उजाडेपर्यंत इथली जोड जवळजवळ संपली.

मग विलायतेचा विचार निघाला. त्या काळी युरोपात आणि अमेरिकेत कुस्तीचा मोठा धंदा चालत असे. नाटकगृहांत तिकिटे लावून कुस्त्या होत. ठेकेदार पैलवान आणत, वर्तमानपत्रांत आव्हाने छापत, पैजा लावत. पण या धंद्याला एक खोट लागलेली होती. कोणी किती वेळ लढायचे आणि कोणी पडायचे, हे पुष्कळदा आधीच ठरलेले असे. प्रेक्षक खूश, ठेकेदार खूश आणि पैलवानाचीही हाडे शाबूत. अशा बाजारात गामा आपला धाकटा भाऊ इमामबक्ष याच्यासह उतरला. शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाने खर्च उचलला आणि आर. बी. बेंजामिन या ठेकेदाराने लंडनमधली व्यवस्था पाहिली.

लंडनला पोचल्यावर काय झाले? उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत घेतलेच नाही! दंड पाहिले नाहीत, डाव पाहिले नाहीत, दारातच माप घेऊन बाजूला केले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हा मुलांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गामाने मग जाहीर आव्हान दिले. कोणत्याही वजनाच्या कोणत्याही तीन पैलवानांना आपण अर्ध्या तासात पाडू, असे त्याने कळवले. लोकांना ती ठेकेदाराची जाहिरात वाटली. कोणी पुढे आले नाही. त्याने नावे घेऊन पुकारा केला. अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांनी लढावे, आपण हरलो तर बक्षिसाची रक्कम आपण देऊ, असेही तो म्हणाला. गॉच कधीच समोर आला नाही. शेवटी अमेरिकन पैलवान डॉ. बेंजामिन रोलर तयार झाला. ऑगस्ट १९१० मध्ये ही कुस्ती झाली. पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्यांदा ९ मिनिटे १० सेकंदांत गामाने त्याची पाठ टेकवली. तेव्हा कुठे लंडनच्या लोकांनी डोळे चोळले.

१० सप्टेंबर १९१० रोजी झिबिस्कोशी गाठ ठरली. बक्षीस २५० पौंड आणि जॉन बुल पट्टा. जागा म्हणजे लंडनचे ते विशाल क्रीडांगण, जेथे दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिक सामने झाले होते. झिबिस्को वजनाने गामाहून पुष्कळ भारी. सलामी झाली आणि मिनिटभरातच गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर मात्र विचित्र प्रकार झाला. झिबिस्को पोट आणि गुडघे जमिनीला चिकटवून जो बसला, तो उठेचना. गामाने सगळे डाव लावून पाहिले. वर बिछायत गादीची. आपल्या मातीसारखी पकड तिला कोठून? अडीच तासांहून अधिक वेळ हा खेळ चालला. अखेर कुस्ती तहकूब झाली आणि आठ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढायचे ठरले. त्या दिवशी गामा येऊन उभा राहिला. झिबिस्को आलाच नाही. पंचांनी गामाला विजयी ठरवले, पट्टा त्याच्या हाती आला.

जगज्जेता तर झाला, पण समोर माणूस नसताना! जन्मभर ज्या कुस्तीची वाट पाहिली तिचा निकाल अशा रीतीने लागावा, हे पैलवानाच्या जिवाला किती लागले असेल, याची कल्पना आखाड्याच्या कडेला बसलेल्या कोणालाही करता येईल.

मायदेशी परतल्यावर अलाहाबादेत रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी पुन्हा कुस्ती झाली. या वेळी गामा जिंकला आणि रुस्तम-ए-हिंद झाला. पुढे १९१६ मध्ये पंडित बिद्दू या नामांकित पैलवानालाही त्याने हरवले. १९२२ मध्ये भारतभेटीवर आलेल्या इंग्लंडच्या युवराजाने त्याला चांदीची गदा दिली. मान मिळाले, गदा मिळाल्या. जोड मात्र दुर्मीळच राहिली. पैलवानाचे उमेदीचे वय ते केवढे! तिशीतून चाळिशीत आणि चाळिशीतून पन्नाशीकडे गामा गेला. रोजचे जोर चालू, बैठका चालू, खुराक चालू आणि मैदान रिकामे.

या काळात तिकडे झिबिस्को काय करीत होता, तेही पाहण्यासारखे आहे. १९२१ मध्ये तो अमेरिकेत जगज्जेता झाला. पुढे ठेकेदारांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता म्हणून उभे केले. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती. सारे आधी ठरवून चालले होते. एप्रिल १९२५ मध्ये झिबिस्कोनेही त्याच्यापुढे पडावे असा बेत होता. परंतु झिबिस्को त्या दिवशी खरा लढला आणि त्याने मनला सरळ चीत केले. सगळ्या धंद्यात खळबळ उडाली. लंडनला न आलेला हा माणूस नुसता भित्रा होता असे म्हणणे म्हणूनच न्यायाचे होणार नाही. कुस्ती त्याच्या अंगात होती. बाजाराने त्याला ती कधी झाकायला लावली, तर कधी त्यानेच ती बाजारावर उलटवली.

तोच झिबिस्को जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला आला. महाराजा भूपिंदरसिंग खेळांचे मोठे शोकी. १९११ साली विलायतेला गेलेल्या क्रिकेट संघाचे ते कप्तान होते. त्यांनी ही जोड अठरा वर्षांनी पुन्हा जमवली. सुमारे चाळीस हजार लोक जमले. या वेळी पायाखाली माती होती. हात मिळाले आणि मिनिटभरही झाला नाही तोच झिबिस्कोची पाठ जमिनीला लागली! लोकांनी आरोळ्यांनी आकाश दणाणून सोडले. दोघेही तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. ही कुस्ती तिशीत झाली असती तर ती कशी दिसली असती? चाळीस हजारांत एखाद्याच्या तरी मनात हा विचार आला असेल. पुढल्या वर्षी जेसी पीटरसन हा परदेशी मल्ल आला, तोही दोन मिनिटे टिकला नाही.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. गामाचे घर लाहोरात राहिले आणि तो पाकिस्तानचा झाला. दंगलीत आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी तो दारात उभा राहिला आणि जमावाला मागे फिरवले, असे सांगितले जाते. वय सत्तरीकडे आलेले. आयुष्यात त्याने शेकडो पैलवान पाडले. पण त्याची सर्वांत मोठी कुस्ती कोणती असे मला विचारले, तर मी याच प्रसंगाकडे बोट दाखवीन. येथे ठेकेदार नव्हता, तिकीट नव्हते आणि बक्षीसही नव्हते.

संस्थाने विलीन झाली तसा पैलवानांचा आधार तुटला. उतारवयात गामाला आजारांनी घेरले आणि औषधपाण्याला पैसा पुरेना. तेव्हा भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी दोन हजार रुपये आणि दरमहा तीनशे रुपये देऊ केले. पाकिस्तान सरकारनेही उपचाराचा खर्च उचलला. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामा निवर्तला. सरहद्दीने दोन देश वेगळे केले होते, पण म्हाताऱ्या पैलवानाच्या दुधासाठी पैसा सरहद्द ओलांडून गेला, ही गोष्ट मनाला बरी वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान उभारले. इमामबक्ष तेथे येऊन लढून गेला. शाहूंनी मल्लांना पोसले, हे आपण नेहमी सांगतो. परंतु त्यांनी मल्लांना जोड मिळेल अशी जागा बांधून दिली, हे त्याहून मोठे होय. राजे गेले, तरी आपल्याकडची कुस्ती गेली नाही, कारण गावोगावच्या जत्रेत लोक वर्गणी काढून मैदान भरवतात. हलगी वाजते, पंच हात धरून जोडी फिरवतात, नारळाच्या कुस्तीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागत जाते. गावचे कारभारी पोराचे वजन आणि अंग पाहून त्याला साजेल अशी जोड शोधतात. कोणाला फार भारी दिली तर कडेचे लोकच ओरडून ती मोडायला लावतात. लंडनच्या तिकीटवाल्या ठेकेदाराला जे जमले नाही, ते वर्गणीवर चालणारे हे मैदान दरवर्षी करून दाखवते.

माणसाच्या अंगी गुण असणे ही अर्धी गोष्ट. तो गुण कसाला लागावा म्हणून योग्य वयात, योग्य जागी, बरोबरीचा माणूस समोर उभा करणे ही उरलेली अर्धी. ती समाजाने करायची असते. गामाच्या वाट्याला पहिली अर्धी भरभरून आली, दुसरीसाठी त्याला अठरा वर्षे थांबावे लागले. यापुढे कोणी कोणाला गामा म्हणून चिडवले, तर त्याच्या ताकदीबरोबर ही वाट पाहणेही आपल्याला आठवावे.

— द्वितीय वर्ष, कला