शेठ वालचंद हिराचंद आणि हिंदी आगबोट

आपले पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि पोर्ट लुईला उतरून अप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले, ही कथा आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. पण ते जहाज कोणाचे होते, त्याचे भाडे कोणाच्या खिशात गेले आणि त्यावर हुकूम कोणाचा चालत होता, हे सहसा कोणी विचारत नाही. सोलापूरच्या एका माणसाने हाच प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरापायी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे घालविली. त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या काळच्या आगबोटींची रीत आधी सांगितली पाहिजे. डेकवर काम करणारा खलाशी बहुधा रत्नागिरी-कुलाब्याकडचा, जेवणघरात वाढणारा गोव्याचा. खलाश्यांच्या वर टंडेल, टंडेलाच्या वर सारंग. सारंगाच्या वर मात्र हिंदी माणसाला जागा नव्हती. तीस-तीस वर्षे समुद्र तुडविलेल्या सारंगाने वीस वर्षांच्या गोऱ्या अधिकाऱ्याला सलाम करावा, हा नियमच होता. हिंदी मनुष्य कप्तान होऊ शकतो हे कंपन्यांना मान्य नव्हते, आणि त्याला ती विद्या शिकविणारी एकही सरकारी शाळा हिंदुस्थानात नव्हती.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे व्यापारी, बोली गुजराती, वावर सगळा मराठी मुलखातला. वडील हिराचंद नेमचंद सावकारी व कापसाचा व्यापार करीत. आई लहानपणीच वारली. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात थोडे शिकून ते घरच्या धंद्यात आले, पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. ज्वारीच्या व्यापारात त्यांना चांगलीच ठोकर बसली. मग रेल्वेतील कारकुनी सोडलेले लक्ष्मणराव फाटक भेटले आणि दोघांनी मिळून बार्शी लाईट रेल्वेचे काम घेतले. सोलापूरच्या शेठजीने कोकणस्थ ब्राह्मणाबरोबर भागीत मातीकामाचे कंत्राट घ्यावे, याचे त्या वेळच्या लोकांना नवलच वाटले असेल. त्या कंत्राटातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. बोरघाटातील बोगद्यांसारखी कामेही त्यांनी केली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांत त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला.

1919 च्या प्रारंभी दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका स्कॉटिश इंजिनियराची त्यांच्याशी गाठ पडली, असे सांगतात. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक आगबोट विकाऊ असल्याचे त्याच्याकडून कळले. मूळची ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, सुमारे 5,900 टनांची. युद्धकाळात महाराजांनी ती रुग्णालय-जहाज म्हणून घेऊन ‘लॉयल्टी’ असे नाव दिले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ती विकत घेतली. कंपनीचे भांडवल साडेचार कोटी रुपयांचे ठरले, आणि महाराजांच्या नावावरून तिला ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ हे नाव मिळाले. हे शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. तेव्हा हिंदी जहाजधंद्याच्या पाटीवर एक मराठी आडनाव चढले, तेही इंग्रजी उच्चाराने.

5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद स्वतः त्या सफरीवर होते. सफर गाजली, हिशेब मात्र जमला नाही. बोट जुनी, दुरुस्तीचा खर्च फार. अखेर 1923 मध्ये ती मोडीत निघाली. तोपर्यंत कंपनीने मालवाहू जहाजे घेतली होती आणि त्यांच्या नावांआधी ‘जल’ हा शब्द लावण्याचा प्रघात पाडला होता.

खरी लढाई किनाऱ्यावर झाली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि तिचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप यांच्या हातात हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांमधली वाहतूक होती. नवी कंपनी उतरली की जुनी भाडे पाडी. नवी दिवाळखोर झाली की भाडे पुन्हा चढे. 1893-94 मध्ये जमशेटजी टाटांची चीनकडे जाणारी बोटसेवा याच रीतीने बंद पडली. 1906 मध्ये तुतिकोरीनला चिदंबरम पिल्लै यांनी काढलेली स्वदेशी कंपनीही तरली नाही. तिच्या संस्थापकाला तर तुरुंगाची वाट दाखविण्यात आली.

भाडे पाडण्याहूनही घातक असे दुसरे हत्यार होते. ते आम्ही जरा उलगडून सांगतो, कारण जहाजधंद्याचा अभ्यास करणारे विद्वान आजही त्याचा दाखला देतात. मोठ्या कंपन्या आपसांत मंडळ करीत. असे पहिले मंडळ 1875 मध्ये कलकत्त्याच्या व्यापारासाठीच निघाले. मंडळाच्या बोटींतून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्यात साधारण दहा टक्के सूट मिळे, पण ती हातोहात नव्हे. ती रक्कम कित्येक महिने कंपनीकडे अडकून राही. तेवढ्या काळात त्याने एक पोते जरी परक्या बोटीत चढविले, तरी सगळी सूट बुडे. म्हणजे व्यापारी आपल्याच पैशाने बांधला जाई. तांदळाच्या व्यापाऱ्याला स्वदेशीचे कितीही प्रेम असले, तरी वर्षाची सूट घालवायला तो कचरे, आणि त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

या माऱ्यापुढे सिंदिया कंपनी घायकुतीला आली. 1923 मध्ये तिने ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार केला. त्या कराराने कंपनीला 75,000 टनांहून अधिक जहाजे ठेवता येणार नव्हती, आणि तीही केवळ किनाऱ्यावर. परदेशचा समुद्र बंद. ‘लॉयल्टी’ लंडनला नेणाऱ्या माणसाने हे कागद मान्य करावेत, यावर तेव्हाही टीका झाली. आमच्या मते तो करार मानहानीचा होता खरा, पण त्याने कंपनी जिवंत राहिली. त्या काळात निघालेल्या इतर हिंदी कंपन्यांची नावे सांगायलाही आज कोणी उरलेले नाही. मरून हुतात्मा होण्यापेक्षा वाकून टिकणे वालचंदांनी पत्करले.

त्याच वर्षी सरकारने कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखावी आणि हिंदी तरुणांना अधिकारी करण्यासाठी शिक्षणनौका ठेवावी, अशा तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. पहिली सरकारने बाजूला सारली. 1928 मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, पण त्याचा कायदा झाला नाही. दुसरी शिफारस तेवढी मान्य झाली आणि 1927 च्या अखेरीस मुंबईत माझगावपाशी ‘डफरिन’ या जुन्या सैनिकी जहाजावर मुले शिकू लागली. शिकून झाल्यावर त्यांना घ्यायचे कोणी? गोऱ्या कंपन्या टाळाटाळ करीत. सिंदियाने त्यांना उमेदवार म्हणून घेतले. सारंगाच्या वरची बंद पायरी येथे प्रथम उघडली, आणि वालचंदांच्या सगळ्या उद्योगांत आम्हांला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. कारखाना पैशाने उभा राहतो. कप्तान घडवायला वर्षे लागतात.

1929 मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात गेले आणि कंपनीची सूत्रे वालचंदांकडे आली. 1937 मध्ये हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत उतरून त्यांनी मुघल लाईनशी पुन्हा भाडेयुद्ध केले. दुसऱ्या महायुद्धाने त्याची मोठी किंमत घेतली. यात्रेकरूंसाठी बांधलेली ‘एल मदिना’ 1944 मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणतीराने बुडाली, आणि ‘एल हिंद’ त्याच वर्षी 14 एप्रिलला मुंबई गोदीतल्या भीषण स्फोटात गेली.

जहाजे परक्या देशात बांधून घ्यायची, मग धंदा आपला कसा? म्हणून गोदीचा ध्यास. कलकत्त्याला जागा मागितली, पण बंदराच्या अधिकाऱ्यांच्या अटी जमेनात. अखेर विशाखापट्टणम निवडले. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. एप्रिल 1942 मध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले आणि 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली. सुमारे 8,000 टनांचे हे जहाज स्वतंत्र भारतात बांधले गेलेले पहिले मोठे जहाज होय.

विमानांचा कारखाना, मोटारींचा कारखाना, ही कामेही त्यांनी याच धामधुमीत केली. ऊस म्हटला की आपल्या बेटावरच्या माणसाचे कान टवकारतात, म्हणून एवढे सांगतो की पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात त्यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. ते गाव वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची हकीकत निराळी आहे, ती पुन्हा केव्हातरी.

पक्षाघाताने शरीर खचल्यावर 1950 मध्ये त्यांनी कारभार सोडला. ज्या मागणीसाठी ते तीस वर्षे झगडले, ती किनारी वाहतूक त्याच सुमारास भारतीय जहाजांसाठी राखली गेली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षी विशाखापट्टणमची गोदी ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ या नावाने मुख्यतः सरकारच्या मालकीची झाली होती.

1964 पासून भारतात 5 एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. ‘डफरिन’च्या जागी 1972 मध्ये ‘राजेंद्र’ ही नौका आली, आणि 1993 मध्ये शाळा नव्या मुंबईत नेरुळला जमिनीवर गेली. सिंदिया कंपनीची जहाजे आज समुद्रावर नाहीत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधली ‘सिंदिया हाऊस’ ही इमारत उभी आहे, आणि विशाखापट्टणमला गोदीजवळच्या वस्तीला लोक अजून सिंदिया असेच म्हणतात.