गदिमा : पडद्यासाठी लिहिणारा कवी

सिनेमासाठी लिहिणारा कवी खरा कवी म्हणायचा का? साहित्याच्या गप्पांत हा प्रश्न अजूनही निघतो. ग. दि. माडगूळकर यांचं आयुष्य पाहिलं की त्याचं उत्तर मिळतं.

गजानन दिगंबर माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. घर माणदेशातल्या माडगुळ्याचं, वडील औंध संस्थानात कारकून, घरात कायमची ओढाताण. त्यात मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि शिक्षण तिथेच थांबलं. पोटासाठी त्यांनी कोल्हापूर गाठलं. निपाणी ओलांडली की लागणारं हे शहर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेरघर होतं. मास्टर विनायकांच्या ‘हंस पिक्चर्स’मध्ये त्यांनी लहानसहान भूमिका केल्या, वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही काम केलं. दुसऱ्याचं लिहून घेता घेता स्वतःची लेखणी तयार झाली.

‘रामजोशी’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ असे कितीतरी चित्रपट त्यांनी लिहिले. कुणाला लावणी हवी, कुणाला भजन, कुणाला अंगाई. मागेल त्याला मागेल ते मिळे, पण भाषा मातीतलीच राहिली.

१९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ घ्या. औंध संस्थानात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतींविना ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून सुचलेली ही कथा गदिमांनी लिहिली, व्ही. शांताराम यांनी पडद्यावर आणली आणि १९५८ साली बर्लिन महोत्सवात तिचा गौरव झाला. माणदेशातली गोष्ट थेट जर्मनीत पोहोचली!

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभरात ५६ गीतं, संगीत सुधीर फडके यांचं. पुढे ते कन्नडसह अनेक भाषांत गेलं. म्हणजे आपल्या सीमाभागात ते दोन्ही भाषांचं झालं.

१९६९ साली पद्मश्री मिळाली. १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. ज्याला सिनेमावाला म्हणून बाजूला ठेवता आलं असतं, त्यालाच साहित्यिकांनी आपल्या व्यासपीठाच्या मधोमध बसवलं.

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात ते गेले. मित्रांनो, मॅट्रिक हुकलेल्या या माणसाची गाणी आपल्या घरात कुणाला ना कुणाला पाठ असतात. त्यांना एकदा म्हणायला सांगा आणि शब्दांकडे नीट कान द्या.