रुडॉल्फ हॅस

रुडॉल्फ गुस्ताव हॅस (जन्म : ५ जून १८९२, मिलवॉकी, विस्कॉन्सिन, मृत्यू : २४ ऑक्टोबर १९५२, फॉलब्रुक, कॅलिफोर्निया) हे अमेरिकेतील टपाल कर्मचारी आणि हौशी फळबागायतदार होते. ॲव्होकाडो या फळाचा 'हॅस' हा वाण त्यांच्या बागेत बीपासून उगवलेल्या एका झाडापासून निर्माण झाला व त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जगात खाल्ल्या जाणाऱ्या ॲव्होकाडोंपैकी सुमारे ८० टक्के फळे या एकाच वाणाची असतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. हॅस यांनी वनस्पतिशास्त्राचे किंवा फलोद्यानाचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्या हयातीत या वाणाला फारशी बाजारपेठ मिळाली नाही आणि त्यापासून त्यांना मिळालेले उत्पन्नही अल्पच राहिले.

सुरुवातीचे जीवन

हॅस यांचा जन्म मिलवॉकी शहरात झाला. १९२३ च्या सुमारास पत्नी एलिझाबेथ यांच्यासह ते दक्षिण कॅलिफोर्नियात आले. या कुटुंबाला पुढे एकूण पाच अपत्ये झाली. सुरुवातीच्या काळात घरोघरी फिरून वस्तू विकण्यासह मिळतील ती कामे हॅस यांनी केली. त्यानंतर पासाडेना येथील टपाल खात्यात त्यांना नोकरी लागली. तेथे त्यांना ताशी २५ सेंट मजुरी मिळत असे. ही नोकरी त्यांनी बागायतीच्या काळातही सोडली नाही.

त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियात ॲव्होकाडोची लागवड नुकतीच रुजत होती. मेक्सिकोतील आत्लिस्को येथून १९११ मध्ये आणलेल्या काड्यांपासून तयार केलेला 'फुएर्ते' हा वाण १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत तगून राहिला होता. स्पॅनिश भाषेत फुएर्ते म्हणजे बळकट, आणि थंडीतील या तगण्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. हिरव्या, पातळ सालीचे हे फळ त्या काळी उत्तम ॲव्होकाडोचा मापदंड मानले जाई. हॅस यांचे या पिकाकडे लक्ष वेधले गेले ते एका मासिकातील चित्रामुळे, असे त्यांच्या कुटुंबीयांनी नोंदवले आहे. झाडाला फळांऐवजी डॉलरच्या नोटा लगडल्या आहेत, असे ते चित्र होते. १९२५ मध्ये साठवलेले पैसे आणि बहिणीकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे त्यांनी ला हाब्रा हाइट्स येथे वेस्ट रोडलगत सुमारे दीड एकर जमीन विकत घेतली.

ला हाब्रा हाइट्स येथील बाग

संपूर्ण बागेत फुएर्ते लावावा, अशी हॅस यांची योजना होती. तयार कलमे महाग असल्याने त्यांनी त्या काळी रूढ असलेला स्वस्त मार्ग पत्करला. आधी बी लावून रोपे वाढवायची, ती खुंट म्हणून वापरायची आणि त्यांवर फुएर्तेच्या काड्यांचे कलम बांधायचे, असा हा मार्ग होता. बी त्यांनी १९२६ मध्ये व्हिटियर येथील रोपवाटिकाचालक ए. आर. राइडआउट यांच्याकडून घेतले. राइडआउट मिळेल तेथून ॲव्होकाडोचे बी गोळा करीत. उपाहारगृहांतून टाकून दिलेले बीही त्यांना चालत असे. त्यामुळे हॅस यांनी लावलेले बी कोणत्या झाडाच्या फळातले होते, हे पुढे कधीच कळू शकले नाही.

उगवलेल्या रोपांपैकी जोमदार रोपे ठेवून त्यांवर कलमे बांधण्यासाठी हॅस यांनी कॉकिन्स नावाच्या व्यावसायिक कलमकाराला बोलावले. बहुतेक रोपांवरील कलमे जगली. एका रोपाने मात्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही कलम धरले नाही. हे रोप काढून टाकण्याचा विचार हॅस यांच्या मनात होता. खोड सशक्त असल्याने ते तसेच वाढू द्यावे, असा सल्ला कलमकाराने दिला आणि हॅस यांनी तो मानला.

या झाडाला फळे आली तेव्हा ती फुएर्तेसारखी दिसत नव्हती. त्यांची साल जाड व खडबडीत होती आणि फळ पिकताना ती हिरव्यावरून जांभळट काळी होत असे. चांगला ॲव्होकाडो हिरवा असतो, अशी तेव्हा ग्राहकांची समजूत होती आणि काळे पडलेले फळ नासलेले समजले जाई. हॅस यांच्या मुलांना मात्र या फळाची चव फुएर्तेपेक्षा अधिक आवडली. मुलांच्या आग्रहामुळे हॅस यांनी स्वतः ते फळ लक्षपूर्वक चाखून पाहिले, असे कुटुंबात सांगितले जाते. पुढे कुटुंबाच्या गरजेहून जास्त उत्पन्न येऊ लागल्यावर त्यांनी ही फळे सहकाऱ्यांना आणि पासाडेनातील एका किराणा दुकानाला विकण्यास सुरुवात केली. तेथे एक फळ एक डॉलरला विकले जाई. हॅस यांच्या ताशी मजुरीशी तुलना करता ही किंमत चार तासांच्या कामाइतकी होती.

वाणाची वैशिष्ट्ये

हॅस वाणाचे झाड फुएर्तेच्या मानाने सरळ व उभट वाढते. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक झाडे बसतात. फुएर्ते एक वर्ष भरपूर आणि दुसऱ्या वर्षी अत्यल्प फळे देण्याकडे झुकतो. हॅसचे उत्पन्न तुलनेने अधिक आणि भरवशाचे असते. फुएर्तेचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात येतो. कॅलिफोर्नियात हॅसची फळे वसंतापासून शरदापर्यंत काढता येतात. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही. फळ पूर्ण वाढल्यावर तोडले, की त्यानंतर काही दिवसांनी ते मऊ होते. वाढलेली हॅसची फळे झाडावर कित्येक महिने टिकून राहतात, त्यामुळे बागायतदाराला तोडणी लांबवता येते. जाड सालीमुळे दूरच्या वाहतुकीतही फळाला इजा कमी होते. सुरुवातीला दोष मानला गेलेला सालीचा बदलता रंग पुढे फळ पिकल्याची खूण म्हणून ग्राहकांच्या सोयीचा ठरला.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार हॅस हा संकर आहे. त्यात सुमारे ६१ टक्के वारसा मेक्सिकन आणि सुमारे ३९ टक्के वारसा ग्वाटेमालन गटातील ॲव्होकाडोंचा आढळतो.

पेटंट आणि अल्प मोबदला

अमेरिकेत १९३० मध्ये वनस्पती पेटंट कायदा संमत झाला. कलमासारख्या मार्गाने, म्हणजे बीविना, वाढवता येणाऱ्या नव्या वाणांवर हक्क मिळवण्याची सोय त्यामुळे झाली. हॅस यांनी आपल्या वाणासाठी अर्ज केला आणि २७ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांना वनस्पती पेटंट क्रमांक १३९ मिळाले. त्याच सुमारास त्यांनी व्हिटियर येथील रोपवाटिकाचालक हॅरॉल्ड ब्रोकॉ यांच्याशी करार केला. ब्रोकॉ यांनी कलमे तयार करून त्यांचा प्रसार व विक्री करावी आणि उत्पन्नातील ठरलेला हिस्सा हॅस यांना मिळावा, असे त्याचे स्वरूप होते.

कायद्याने मिळालेला हा हक्क प्रत्यक्षात राखणे अवघड होते. एखाद्या बागायतदाराने हॅसचे एक कलम विकत घेतले, की त्याच्या फांद्यांवरून पुढची शेकडो कलमे तो स्वतःच बांधू शकत असे. शेजाऱ्याला काड्या देण्यासही अडकाठी नव्हती. प्रत्येक बागेत जाऊन तपासणी करणे ना हॅस यांना शक्य होते, ना ब्रोकॉ यांना. परिणामी पेटंटच्या संपूर्ण मुदतीत हॅस यांना सुमारे ५,००० डॉलरच मिळाले. घरखर्च प्रामुख्याने टपाल खात्याच्या पगारावरच चालत राहिला.

अखेरची वर्षे

पुढे हॅस यांनी सॅन डिएगो परगण्यातील फॉलब्रुक येथे ८० एकरांची बाग उभारण्यास घेतली. १७ वर्षांची मुदत संपून त्यांचे पेटंट ऑगस्ट १९५२ मध्ये संपुष्टात आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २४ ऑक्टोबर १९५२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे फॉलब्रुक येथे निधन झाले. मृत्यूसमयी ते ६० वर्षांचे होते. कॅलिफोर्नियातील बागांमध्ये तेव्हाही फुएर्तेचेच प्राबल्य होते. १९७० च्या दशकात हॅसने त्याला मागे टाकले.

मातृवृक्ष

कलमाने वाढवलेले प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या आपल्या मूळ झाडाची नक्कल असते. त्यामुळे मेक्सिको, पेरू, चिली, केनिया, दक्षिण आफ्रिका, स्पेन, इस्रायल, न्यूझीलंड इत्यादी देशांत वाढणारी हॅसची सर्व झाडे वेस्ट रोडवरील त्या एका झाडाच्या काड्यांतूनच पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. हे झाड 'मातृवृक्ष' म्हणून ओळखले जाऊ लागले. कालांतराने आजूबाजूची बाग जाऊन तेथे वस्ती झाली, तरी झाड एका घराच्या आवारात उभे राहिले. त्या जागी स्मृतिफलकही लावण्यात आला.

जमिनीत ओल साचून राहिल्यास वाढणाऱ्या फायटोफ्थोरा सिनामोमी या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे ॲव्होकाडोला मूळकूज होते. मातृवृक्षालाही हाच रोग जडला. एका दशकाहून अधिक काळ उपचार करूनही तो वाचला नाही आणि ११ सप्टेंबर २००२ रोजी तोडण्यात आला. तेव्हा त्याचे वय सुमारे ७६ वर्षे होते. त्याचे लाकूड हॅरॉल्ड ब्रोकॉ यांचे पुतणे हँक ब्रोकॉ यांच्या रोपवाटिकेत जतन करण्यात आले.

घरगुती लागवडीच्या दृष्टीने महत्त्व

फळ खाल्ल्यावर उरलेले बी पाण्यावर टेकवून किंवा कुंडीत लावून रोप वाढवण्याची हौस अनेक देशांत आहे. हॅस यांच्या बागेची हकिकत अशा लागवडीची शक्यता आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट करते. ॲव्होकाडोचे बी मातृफळाचे गुण जसेच्या तसे पुढे नेत नाही. हॅसच्या बीपासून उगवलेले झाड हॅस नसते, तर एक नवे आणि वेगळे झाड असते. मराठी वाचकाला हा भेद आंब्यातील रायवळ आणि कलमी या भेदावरून सहज समजेल. बीपासूनच्या झाडाला फळ धरण्यास साधारणतः पाच वर्षे आणि कित्येकदा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि ते फळ चांगले निघेलच याची खात्री नसते. कलमी झाड बहुधा तीन ते चार वर्षांत फळाला येते. त्यामुळे विशिष्ट वाण हवा असल्यास बीपासून केवळ खुंट तयार करून त्यावर कलम बांधतात.

ॲव्होकाडोची अन्नपाणी शोषणारी मुळे उथळ असतात व त्यांना हवा लागते. पाणी साचणारी चिकण जमीन किंवा तळाला भोक नसलेली कुंडी या झाडाला मानवत नाही. वरच्या थरातील माती फार खणू नये, खोडापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि जमीन किंचित सुकल्यावरच पाणी द्यावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. कोवळ्या झाडाला कडक थंडीपासून आणि तीव्र उन्हापासून जपावे लागते. मूळकुजीला तोंड देण्यासाठी आता 'ड्यूक ७', 'डुसा' यांसारख्या सहनशील खुंटांवर हॅसची कलमे बांधली जातात.

ॲव्होकाडोचे प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्यांदा ते मादीचे काम करते आणि दुसऱ्यांदा नराचे. हॅस 'अ' गटात मोडतो. त्याची फुले सकाळी मादी अवस्थेत उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर अवस्थेत. फुएर्ते 'ब' गटात असून त्याचा क्रम याच्या उलट असतो. त्यामुळे दोन्ही गटांतील झाडे जवळ असल्यास परागीभवनाला मदत होते. एकटे झाडही काही फळे धरू शकते.

वारसा

कॅलिफोर्नियातील ॲव्होकाडो उत्पादनापैकी सुमारे ९५ टक्के वाटा आज हॅसचा आहे. भारतात कोडगू, निलगिरी, वायनाड आदी भागांतील ॲव्होकाडोची पुष्कळशी झाडे बीपासून वाढलेली असल्याने त्यांच्या फळांत आकार, साल व चव यांबाबत मोठी विविधता आढळते. शहरांतील बाजारात येणारी काळपट, खडबडीत सालीची आयात फळे बहुधा हॅसची असतात, आणि अलीकडे भारतातही या वाणाची कलमे लावली जाऊ लागली आहेत.

एकाच वाणावर विसंबून असलेल्या लागवडीतील धोक्याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असल्याने एखादा नवा रोग किंवा हवामानातील बदल सगळ्यांवर सारखाच आघात करू शकतो. म्हणून संशोधनसंस्थांमध्ये आजही मोठ्या प्रमाणावर बी लावून नवी झाडे वाढवली जातात व त्यांतून वेगळे गुण असलेली झाडे निवडली जातात. हॅस यांच्या बागेत योगायोगाने घडलेली निवड येथे पद्धतशीरपणे केली जाते.