विश्लेषण : नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ वाघांचा कैवारी कसा झाला? जिम कॉर्बेट यांच्या बंदुका काय सांगतात?

भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला एका शिकाऱ्याचे नाव आहे. २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये जन्मलेले एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट बालपणापासून साठी उलटेपर्यंत हातात बंदूक घेऊन कुमाऊँ-गढवालच्या जंगलांत फिरले. त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, तरी शिकारी कॉर्बेट खरे की संरक्षक कॉर्बेट, हा वाद मिटलेला नाही. त्यांनी कोणती बंदूक कशासाठी उचलली आणि केव्हा खाली ठेवली, हे पाहिले की या वादाचे बरेच धागे हाती लागतात.

पहिली बंदूक कशी होती?

कॉर्बेट यांचे वडील नैनितालचे पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले. मोठ्या कुटुंबाचा उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा तराईच्या तोंडाशी असलेल्या कालाढुंगीच्या घरी जाई. गलोलीपासून सुरू झालेला छंद ठासणीच्या दुनळीपर्यंत पोहोचला. ही दुनळी म्हणजे जवळपास भंगारच. एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने गुंडाळून नळ्यांना बांधलेला. त्यामुळे एकच बार हाती. तो वाया गेला तर पुन्हा दारू ठासेपर्यंत सावज पसार आणि दारूगोळाही मोजकाच. नेम बसण्याची खात्री असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही सवय या मोडक्या बंदुकीनेच लावली असावी.

पुढे नैनितालच्या स्वयंसेवक पलटणीच्या सार्जंट-मेजरने या मुलाचा नेम पाहून त्याला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. खांद्याला सणसणीत धक्का देणारे हे धूड घेऊन जिम यांनी कालाढुंगीजवळ पहिला बिबट्या मारला. तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम दहा-अकरा.

ते व्यावसायिक शिकारी होते का?

नाही. हा समज आजही सर्रास आढळतो. पोटासाठी ते रेल्वेत लागले. बिहारमधील मोकामा घाटावर गंगेच्या काठी रुंद आणि मीटर मार्गांच्या गाड्यांमधील माल उतरवून चढवण्याचे कंत्राट त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. नरभक्षकांच्या मागे ते जात ते सुट्टी काढून आणि मोबदला न घेता. उलट त्यांच्याच अटी असत. जनावरावरचे सरकारी इनाम आधी रद्द करायचे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना जंगलातून मागे बोलवायचे. इनामासाठी मारतो असे कोणी म्हणू नये आणि दुसऱ्याच्या गोळीला आपण बळी पडू नये, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती.

चंपावतला काय घडले?

१९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली गेली तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसे होती. सुमारे दोनशे नेपाळात, उरलेली कुमाऊँमध्ये. तिच्या धाकाने गावेच्या गावे दारे लावून बसली होती. स्थानिक तहसीलदाराने शेकडो गावकरी डोंगरकड्यावर उभे करून हाकारा घातला. कॉर्बेट यांच्याकडे जड दुनळी रायफल होती, पण सोबत काडतुसे फक्त तीन. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोर उभी होती. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले आणि त्याची बंदूक हिसकावून परत आले. ती बंदूक इतकी खिळखिळी की नळ्या नीट बसतही नव्हत्या. त्यांनी वीस फुटांवरून बार काढला आणि वाघीण कोसळली. नंतर पाहिले तर हा शेवटचा बार पंजाला लागला होता. तिचा जीव गेला होता आधीच्या रायफलच्या गोळ्यांनी.

संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी या कामगिरीबद्दल कॉर्बेट यांना रायफल दिली. तहसीलदारालाही नवी बंदूक मिळाली. ती त्याला हवीच होती, असे म्हणायला हरकत नाही!

ती नरभक्षक का झाली होती?

कॉर्बेट यांच्या साऱ्या आयुष्याचे मर्म इथे आहे. मेलेल्या वाघिणीच्या जबड्यात उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. एक अर्धा तर दुसरा थेट हाडापर्यंत. ही जखम बंदुकीच्या गोळीची होती. कोणा शिकाऱ्याचा नेम चुकला, जखमी जनावराचा माग काढायचे कष्ट त्याने घेतले नाहीत, आणि नैसर्गिक शिकार करता येईनाशी झालेली वाघीण माणसांकडे वळली. त्या एका निष्काळजी गोळीची किंमत ४३६ कुटुंबांनी मोजली.

पुढेही हेच दिसत गेले. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेलेला आणि अंगात साळिंदराचे काटे रुतलेले. रुद्रप्रयागच्या बिबट्याला माणसाची चटक लागली ती १९१८ च्या साथीत दहन न करता दरीत लोटलेल्या प्रेतांमुळे, असे कॉर्बेट यांचे मत होते. वाघ जात्या क्रूर नसतो, त्याला परिस्थिती तसे बनवते, हे सांगणारा माणूस स्वतः सर्वाधिक गाजलेला वाघमार होता, म्हणूनच लोकांनी ते ऐकले.

.२७५ रिग्बी इतकी लाडकी का?

हेवेट यांनी दिलेली हीच रायफल. दस्त्यावर चंपावतचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, माउझर बनावटीची आणि वजनाला हलकी. वाघासाठी कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ची जेफ्री दुनळी होती, पण डोंगर चढताना खांद्यावर हलके ओझे बरे.

११ एप्रिल १९३० रोजी या हलकेपणाने त्यांचा जीव वाचवला. चौगढच्या वाघिणीच्या मागावर असताना वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांच्या अंड्यांचा संग्रह हा त्यांचा छंद. अंडी डाव्या हातात, रायफल उजव्या हातात. एका प्रचंड शिळेला वळसा घालून मागे पाहिले, तर आठ फुटांवर वाघीण झेप घ्यायच्या तयारीत. कॉर्बेट यांनी एकाच हाताने रायफल इंचाइंचाने फिरवत नेली आणि चाप ओढला. अंड्यांमुळे झटकन हालचाल करता आली नाही, म्हणूनच वाघीण झेपावली नाही, असे त्यांना वाटे. नंतर ती अंडी त्यांनी परत घरट्याच्या जागी नेऊन ठेवली.

रुद्रप्रयागचा बिबट्याही याच रायफलला पडला. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर त्याने आठ वर्षांत १२५ बळी घेतल्याची सरकारी नोंद होती. मे १९२६ च्या सुरुवातीच्या एका रात्री, गुलाबराय येथील आंब्याच्या झाडावरून, नळीला विजेरी बांधून एकच गोळी.

मग पवलगढचा वाघ का मारला?

या प्रश्नावर कॉर्बेट यांचे चाहते अडखळतात. पवलगढचा हा वाघ नरभक्षक नव्हता. केवळ आकारामुळे दहा वर्षे शिकारी त्याच्या मागे होते. १९३० मध्ये कॉर्बेट यांनीच त्याला मारले. अंगाच्या वळणांवरून मोजून तो दहा फूट सात इंच भरला. वाघ कमी होत आहेत हे तेव्हा त्यांना दिसत होते. तरीही मोह झाला. पुढेही व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीची व्यवस्था ते करत राहिले. याचे समर्थन करण्याची गरज नाही. बदल एका रात्रीत झाला नाही, एवढेच.

तो झाला कॅमेऱ्यामुळे. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची वाघांची छायाचित्रे पाहून कॉर्बेट यांनी कॅमेरा घेतला. मग चलच्चित्रण. यंत्राची घरघर वाघांना ऐकू जाऊ नये म्हणून ओढ्यावर लहान बांध घालून त्यांनी पाण्याचा आवाज वाढवला आणि सात वाघ टिपले. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, त्याच्या आखणीत त्यांचा सहभाग होता. शेवटची नरभक्षक, ठाकची वाघीण, त्यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये मारली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

मुंबईशी त्यांचा संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धात ते मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे सैनिकांना जंगलयुद्ध शिकवत होते. महायुद्धाच्या काळातच आजारपणामुळे त्यांना लिहायला वेळ मिळाला. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कार्यालयाने काढले आणि तेथून ते जगभर गेले.

शेवट कुठे झाला?

नोव्हेंबर १९४७ मध्ये जिम आणि त्यांची बहीण मॅगी केनियात न्येरीला गेले. छोटी हल्द्वानी गावातील त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांना मिळाली. सारा मात्र कॉर्बेट अखेरपर्यंत भरत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात याच उद्यानातून झाली. .२७५ रायफल फिरतफिरत पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. २०१६ मध्ये ती काही दिवसांसाठी भारतात आणली गेली तेव्हा कॉर्बेट यांच्या जुन्या मुलखात लोक तिला पाहायला आले होते.